पट्टीवरचा हिरवा चौकोन

लघवी तपासणाऱ्या काकांकडे बघून आमच्या लॅबमधले लोक नाकं मुरडायचे. मी तिथे रिपोर्ट टाइप करते आणि मला या नाकवाल्यांचा भयंकर राग यायचा. एकवीस वर्षं हा माणूस परक्यांच्या बाटल्या उजेडात धरून बसला होता. कुणाला साखर आहे, कुणाला पू, कुणाला रक्त, हे सगळ्यांत आधी त्यांना कळायचं.

त्यांची एक पद्धत होती. तपासणीच्या रंगीत चौकोनांच्या पट्ट्यांचा डबा नीट आहे ना, हे बघायला रोज पहिली पट्टी ते स्वतःच्या, घरून आणलेल्या लघवीत बुडवायचे. रंग बदलला नाही की डबा चांगला, मग पेशंटचं काम सुरू.

गेल्या महिन्यात एका सोमवारी प्रोटीनचा पिवळा चौकोन हिरवा झाला. काकांनी सरळ डब्याला दोष दिला. "झाकण कोणी उघडं टाकलं? पट्ट्यांची वाट लावलीत!" म्हणत सगळ्यांवर तोंडसुख घेतलं आणि डबा फेकला. मंगळवारी नवा डबा, तोच हिरवा रंग. तोही फेकला. बुधवारी पुन्हा तेच, तेव्हा न राहवून मी माझी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्याच डब्यातली पट्टी माझ्या लघवीत पिवळीच राहिली.

काकांनी दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवल्या. मग पेशंटला समजावतात तसं मलाच समजावू लागले, "एकदा प्रोटीन दिसलं म्हणून हबकायचं नाही. तापानं येतं, दगदगीनं येतं. पण सकाळच्या पहिल्या लघवीत रोज यायला लागलं, तर किडनीची चाळणी गळतेय का ते बघावं लागतं. रक्त तपासायचं, डॉक्टरला गाठायचं."

"पाय सुजतात का हो तुमचे?"

"चपला घट्ट होतात. मला वाटलं, चपलाच आटल्या."

मला हसू आलं, पण अर्ध्यातच थांबलं. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. पाय सुजलेत, हे त्यांना सांगणारं घरात कुणीच नव्हतं.

असा रिपोर्ट आला की घरी फोन करून कळवायचं, हा आमच्याकडचा नियम. मी फॉर्म पुढे ओढला.

"काका, घरचा नंबर?"

त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला. मी लिहून घेतला.

"पण सहानंतर कर हं," ते म्हणाले. "तोवर मी घरी पोचतो."