उन्हाळी लागली

लघवीला जळजळ व्हायला लागली की आमच्या घरी ‘उन्हाळी लागली’ म्हणत. हा शब्द इंदूरच्या औषधाच्या दुकानात चालत नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

त्याच सुमारास बाबांची मिल बंद पडली, ते घरी बसले आणि आई राजवाड्यामागच्या एका शिलाईच्या कारखान्यात परकर शिवायला जाऊ लागली. तिथे बायकांसाठी संडास नव्हता. म्हणून सकाळचा चहा झाला की संध्याकाळपर्यंत ती पाण्याचा थेंब घेत नसे, तेही ऐन वैशाखात. मग व्हायचं तेच झालं.

“मेडिकलवाल्याला सांग, उन्हाळी लागलीये, बस. जास्त डिटेलमध्ये नको जाऊ,” ती कुजबुजली. बाबा समोरच पेपर वाचत होते.

मी दुकानात ठणकावून सांगितलं, “भिया, आई को उन्हाळी लगी है.”

“गर्मी तो सबको लग री है बेटा,” म्हणत त्याने संत्र्याच्या चवीची ग्लुकोज पावडर पुढे केली. घरी आईने डबा पाहिला आणि खो-खो हसत सुटली. हसता हसता कळ आली, तशी भिंतीला टेकली. मला त्या दुकानदाराचा असा राग आला की काय सांगू!

शेवटी ती स्वतः गेली. पुरुष गिऱ्हाइकं हलेपर्यंत बाजूला उभी राहिली आणि मग दोनच शब्द बोलली, “पेशाब. जलन.” त्याने लगेच पाण्यात मिसळून घ्यायचं औषध दिलं. “इससे जलन कम होगी, आंटीजी. बुखार आए तो डॉक्टर को दिखाना. और पानी खूब पीना.”

“पानी पियूँ, और जाऊँ कहाँ?” आई फटकन म्हणाली. त्याने सुटे पैसे मोजून काउंटरवर ठेवले.

जळजळ थांबली आणि आई पुन्हा कामावर गेली, पुन्हा कोरड्या घशाने. कितीतरी उन्हाळे असेच गेले. एकदा हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा मात्र डॉक्टरच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला. बाबांना आम्ही मलेरिया सांगितलं होतं.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. परवा मलाही तोच त्रास झाला. मी दुकानात चारचौघांत, स्वच्छ हिंदीत सांगितलं, पुडी आणली, पाण्यात फसफसू दिली. घरात कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण माझ्या मुलाला ‘उन्हाळी’ म्हणजे सुट्टी वाटते. आईची इतकी आठवण आली की फसफस निवली तरी ग्लास हातातच राहिला.

आता माझ्या घरी दोन संडास आहेत, दोन्हींना आतून कडी. एकच दुपार तिने इथे यावं. तांब्या भरभरून पाणी प्यावं, वाटेल तितक्या वेळा उठून जावं, आणि कुठे चाललीस म्हणून मी तिला एकदाही विचारू नये.