शेजारच्या बागेतला राखणदार

मंडळी, आज ऑफिसमधून अगदी गळून घरी आले, तर शेजारची हेलन दारात उभी. तिच्या बागेतल्या लाल टोपीच्या बुटक्या पुतळ्याला कोणीतरी कुंकू लावून नारळ ठेवला होता.

कोणीतरी म्हणजे माझी आई. नुकतीच सावंतवाडीहून इथे परदेशात माझ्याकडे आलीय.

"आई, तो गार्डन नोम आहे गं. शोभेचा."

"बागेत दाढीवाला म्हातारा उभा, म्हणजे आपल्या गावच्यासारखा जागा राखणारा देव, राखणदारच ना?"

मी हेलनला कसंबसं समजावलं. ती हसली. "माझे आजोबाही म्हणायचे, हाच बाग राखतो. तुझी आई रोज त्याच्याशी गप्पा मारते."

ती गेल्यावर मी आईवर वैतागले. "रोज काय बोलतेस त्याच्याशी?"

"मग दिवसभर इथे दुसरं कोण आहे?"

तुमच्याकडे आलेले आईबाबा कोणाशी बोलतात हो?