उलटा टांगलेला तक्ता

पचनसंस्थेचा तक्ता मी दोन रविवार बसून रंगवला. वर्षभर तो फळ्याशेजारी लटकत होता, पण कुणी मान वर करून बघितलं असेल तर शपथ! आज चाचणी परीक्षा होती म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे केलं, तर अख्खा वर्ग त्याच्या कोऱ्या पाठीवर डोळे लावून बसला.

"बाई, एकदाच सुलटा करा ना," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"आत्ता आठवला होय गं?" मी करवादले.

समोर असतं तेव्हा बघायचं नाही आणि दिसेनासं झालं की माना उंचवायच्या, ही खोड माणसाला कोण लावतं कुणास ठाऊक! मी तरी नाही शिकवली.

पेपर गोळा करून तक्ता सुलटा केला आणि वळून पाहिलं. सगळ्यांनी डबे उघडले होते. पचनसंस्था माझ्या तक्त्यावाचून झकास चालू होती.