सावित्रीबाईंनी सोडलेलं गोड

प्रमोदला मधुमेह निघाला, त्या दिवशी सावित्रीबाईंनी गोड सोडलं. देवापुढे पाणी सोडून म्हणाल्या, "पोराची शुगर जाग्यावर येईस्तोवर जिभेला गोड लावणार नाही." लहानपणी प्रमोद किडकिडीत, म्हणून त्या त्याच्या पोळीत तूप-गूळ जरा जास्तच भरत. आता त्यांना तो गूळच दिसे.

प्रमोद अजूनही किडकिडीतच होता. बरकतपुऱ्यातल्या इमारतींचे जिने चढून-उतरून तो दारांच्या बेल दुरुस्त करी. तरी साखर उतरत नव्हती. बायको रंजना चिडवायची, "कुठंतरी चोरून खुबानी का मीठा हाणत असणार."

आईचा नेम सुटावा म्हणून त्याने काय काय करून पाहिलं. शेवटी एका संशोधनासाठी मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडाही दिला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं : तुमच्या अंगात इन्सुलिन आहे, पण स्नायूंवरचे जे रिसेप्टर त्याला ओळखतात, त्यांची घडण जरा वेगळी आहे. बाहेर बेल दाबली जाते, आत वाजत नाही, असं समजा. गुळाला कशाला दोष देता? हे बहुधा जन्माचंच असावं.

बेलवाल्याला ते लगेच कळलं. तो वाटेत कुठं थांबला नाही.

सावित्रीबाई गवार मोडत होत्या.

"आई, तुझ्या गुळानं नाही झालं. माझ्या मांसातच जन्मापासून तसं आहे. सोड आता तुझं ते."

"जन्मापासून?"

"हौ."

"म्हणजे माझ्याच पोटात बिघडलं."

"मामंजींकडूनही आलं असेल की," रंजना म्हणाली.

"गूळ तरी बंद करता आला," एवढंच त्या बोलल्या. त्या दिवसापासून प्रमोदचं ताट वाढणंही त्यांनी रंजनाकडे दिलं.

थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, मन होईल ते खाऊ द्या. रंजनाने पुरणपोळी दुधात कुस्करली. प्रमोदने घास ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच.

"शुगर?"

"जाग्यावर आली, आई."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्याच्याकडून वाटी घेतली.

"मग आधी तू खा."

त्याला नाही म्हणता येईना. त्यांनी एक घास भरवला, मग दुसरा, लहानपणी भरवत तसा, हनुवटीला हात लावून. वाटी रिकामी झाली.

रंजना दुसरी भरून घेऊन आली, तेव्हा त्यांचा डोळा लागला होता. त्या पुन्हा जाग्या झाल्या नाहीत.

त्या संध्याकाळी प्रमोदने साखर बघायला बोट टोचलं नाही.