वहिनींची तूर

पोत्यात कोपरापर्यंत हात घालून वहिनी तळाचे तीन दाणे काढायच्या. एक दाताखाली धरायच्या. कट्ट आवाज आला की मान हलवायच्या. नाही आला तर शेतकऱ्याच्या तोंडाकडे न बघताच म्हणायच्या, "वाळवा अजून." त्या होत्या तोवर आमच्या गटाला ओल मोजायचं यंत्र लागलं नाही.

आमची डाळ मिल छोटी, बायका बारा. गावातली तूर घ्यायची, भरडायची आणि डाळ मेहकरच्या एका दुकानदाराला द्यायची. कामांची यादी मी दारावर चिकटवली होती. त्यात पहिलीच ओळ, तूर पारखणे : वहिनी. तुम्ही तूर भरडली असेल तर ठाऊकच असेल, ओली तूर साल सोडत नाही, डाळीचा चुरा होतो. दुकानदाराने एकदा माल नाकारला की बाराही जणी पुन्हा मजुरीने दुसऱ्याच्या वावरात निंदायला. वहिनींची वीस वर्षं त्यातच गेली होती.

एकदा त्यांचे यजमान, आमचे भाऊच, बैलगाडीतून चार पोती घेऊन आले. वहिनींनी दाणा चावला. मिलचा पट्टा चढवणारी शबाना थांबून बघायला लागली.

"वाळवा अजून."

भाऊ हसले. "अवं, घरची हाय ना."

"म्हून तर सांगून राह्यली. परत न्या."

"चार लोकांत मले परत पाठवतं? उद्यापासून तू इथं कशी येतं, तेच पाह्यतो."

पोती गाडीवर चढवायला वहिनीच पुढे झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. दारात न पारखलेली तूर साचली. शेवटी मी त्यांच्या घरी निघाले. भाऊंना काय सांगायचं त्याचे तीन मुद्दे वाटेतच पक्के केले.

भाऊ स्लॅबवर पायाने तूर उलथत होते. वहिनी अंगणात पाखडत बसल्या होत्या.

"येऊ देत नाहीत का?" मी हळूच विचारलं.

"काय मजाल!" त्या हसल्या. "घरची तूर ओली अन् लोकाईची कोण्या तोंडानं परत करू, ताई? वाळली की येतो म्हटलं. पह्यल्या दिवशी हे फुगूनच बसले. काल त्यायनंच स्लॅब झाडला."

माझे तिन्ही मुद्दे तसेच राहिले.

भाऊ वरून ओरडले, "ताई, वाळली बरं! उद्या पाठवतो हिले."

वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"पाठवता कायले? मले रस्ता माहीत हाय."

आणि पदर खोचून, भुशाने माखलेल्या हातांनी, त्या माझ्या पुढे चालू लागल्या.