न ओळखलेली खिरापत

माझी मुलगी भोंडल्यात कधी हरत नसे, आणि मला त्याचीच धास्ती होती.

डोंबिवलीला तेव्हा आमच्या चाळीच्या मागे भातशेती होती. भात पिवळं पडायला लागलं की नवरात्र आलंच. रोज संध्याकाळी चाळीतल्या मुली एकेका घरी जमायच्या, पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायच्या, गाणी म्हणायच्या, आणि शेवटी झाकून ठेवलेली खिरापत ओळखायच्या. ओळखता आली नाही तर त्या घरच्या बाईची कॉलर ताठ! पण आमच्या नऊ वर्षांच्या कन्येपुढे कुणाची ताठ राहील तर शपथ. तिचं नाक मांजराचं. "गोड की तिखट?" असं इतर मुली विचारत असतानाच ही पदार्थ सांगून मोकळी व्हायची. त्या वर्षी तर शेजारच्या घरी तिने ताटावरचं फडकं निघायच्या आत जाहीर केलं, "कणकेचे लाडू, आणि कणीक करपलीय." ते लाडू त्या घरच्या मुलीने पहिल्यांदाच स्वतः केले होते. बिचारी रडत आत पळाली.

घरी आणून मी आमच्या बाईसाहेबांना चांगलं फैलावर घेतलं. माझा स्वभाव मुळातच तापट.

"एखाद्या दिवशी हरलीस तर काय आभाळ कोसळेल?"

"ओळखता येत असून हरायचं?" तिने विचारलं. "म्हणजे खोटंच बोलायचं ना? तूच सांगतेस, खोटं बोलू नये म्हणून."

मी तिला दिव्याच्या काचा पुसायला पिटाळलं. ती जीभ कुठून आली होती हे सांगायला ज्योतिषी नको होता. मुलगी हुशार निघावी असं मला वाटायचंच, पण मायाळू निघावी असं त्याहून जास्त वाटायचं. पाढे शिकवता येतात, उजळणी घेता येते. माया कशी शिकवतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिवाय घरात तेव्हा वेगळंच कुरबुरीचं वातावरण होतं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि डॉक्टरांचं नाव काढलं की त्या कानावर हात ठेवायच्या. कामाची हौस मात्र तशीच. त्यांनी घासलेल्या पातेल्यांच्या काठाला खरकटं तसंच राहायचं. आमटीत मीठ दोनदा पडायचं. मी हळूहळू त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. भांड्यांवरचा हक्क तेवढा त्यांनी सोडला नाही. मग एका रात्री जेवताना त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "दसरा झाला की मला गावी पोचव. ज्या घरात माझ्या हातचं काही चालत नाही, तिथे मी बसून खायची नाही."

गावी, कोकणात, कुलूप लावलेल्या घराशिवाय काही उरलं नव्हतं. डोळ्यांनी दिसत नसलेली बाई तिथे एकटी विहिरीवर कशी जाणार? यांनी मान खाली घालून भात कालवला आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याने मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी उठून उगाच चुलीतली लाकडं सारखी केली.

आमच्या घरच्या भोंडल्याचा दिवस आला तेव्हा सासूबाईंनी सकाळीच हुकूम सोडला, "खिरापत मी करणार. कुणी आत फिरकायचं नाही." दुपारची जेवणं झाली तशी मी निमूटपणे बाहेर आले.

त्यांनी दार लावून घेतलं. थोड्या वेळाने पाट्यावर वरवंट्याची घरघर सुरू झाली, आणि ती ऐकू जाऊ नये म्हणून त्या मोठमोठ्याने स्तोत्र म्हणू लागल्या. वाटण थांबलं की स्तोत्रही थांबायचं! पुढे फोडणी पडली. तपकिरीपायी सासूबाईंचं नाक केव्हाच निकामी झालं होतं, त्यामुळे त्यांनी हिंग किती घातला ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडत होती. वाटल्या डाळीचा खमंग वास पार जिन्यापर्यंत गेला. खाली राहणाऱ्या बाईंनी तर वर बघून विचारलं, "आज वाटली डाळ वाटतं?" मी त्यांना हातानेच गप्प केलं.

आज तरी ओळखू नकोस, हे सांगायला मी मुलीची वाट पाहत होते, पण ती शाळेतून आली ती थेट पाट मांडायला. फेर झाला, गाणी झाली. सासूबाई पितळेचं पातेलं पोटाशी धरून बाहेर आल्या. वर ताट, ताटावर फडकं, फडक्याला गाठ.

"ओळखा बघू," त्या म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचा चेहरा असा फुललेला पाहत होते.

सगळ्या मुलींनी सवयीने आमच्या मुलीकडे पाहिलं.

"आजी, करंज्या?" ती म्हणाली.

"नाही!"

"चिरोटे?"

"छे गं!"

एक चिमुरडी "वाट..." म्हणाली तोच आमच्या मुलीने तिला चिमटा काढला. "अनारसे," चिमुरडी कळवळून म्हणाली. मग इतर मुलींनाही उमगलं. शंकरपाळे झाले, शेवया झाल्या, कुणीतरी श्रीखंडसुद्धा म्हणालं. उरली ती शेजारची, लाडूवाली. हिचा नक्षा उतरवायची याहून चांगली संधी तिला मिळणार नव्हती. तिने आमच्या मुलीकडे रोखून पाहिलं, मग आजींकडे पाहिलं.

"घारगे?" ती म्हणाली.

"हरलात!" सासूबाई ओरडल्या. "अगं, तुझी लेकसुद्धा हरली!" त्यांनी गाठ सोडली आणि हातानेच सगळ्यांच्या तळव्यांवर डाळ घातली. मीठ जास्तच होतं. एकीनेही तोंड वाकडं केलं नाही.

मुली पांगल्यावर मी लेकीला गॅलरीत गाठलं. "तुला खरंच कळलं नव्हतं?"

"अख्ख्या चाळीला कळलं होतं."

"मग? खोटं बोलायचं नव्हतं ना तुला?"

"आजीने घासलेली भांडी तू पदराखाली चाळीच्या विहिरीवर नेतेस आणि पुन्हा घासतेस," ती म्हणाली. "आणि आजीला सांगतेस, पाणी आणायला गेले होते. म्हटलं, तसलं चालत असेल."

भांडी मी मायेने घासत नव्हते, घरात तोंडाला तोंड नको म्हणून घासत होते, तेही राखेबरोबर राग काढत. पोरीने त्यातलं घासणं तेवढं पाहिलं होतं, राग पाहिलाच नव्हता. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं. त्यानंतर विहिरीवर माझी भांडी आपटणं आपोआप कमी झालं.

दसरा झाला. गावी जायचं कुणी नाव काढलं नाही. सासूबाई होत्या तोवर दर नवरात्रात त्या दार लावून, स्तोत्र म्हणत, वाटली डाळच करायच्या, आणि आमच्या चाळीतल्या एकाही मुलीला ती कधी ओळखता आली नाही.