तुतीच्या फांदीबाहेर

मखलूफ कोहेनची पांढरी व्हॅन तीस वर्षं आमच्या संत बाबांच्या कबरीच्या गुहेपर्यंत येत होती, पण मखलूफ स्वतः गुहेत एकदाही गेला नाही. तिबेरियापासून आमच्या डोंगरापर्यंतची माणसं तो भरून आणायचा. कुणाला नवस बोलायचा असायचा, कुणाला फेडायचा. सगळ्यांना अंगणात उतरवायचा आणि आपण फाटकाशी उभा राहायचा. आम्हा ज्यूंमध्ये कोहेन म्हणजे पुरोहिताच्या रक्ताचा. त्यानं मेलेल्या माणसाबरोबर एका छताखाली जायचं नसतं, मग तो माणूस कालचा असो नाही तर दोन हजार वर्षांपूर्वीचा. संतांच्या कबरीचा विटाळ होत नाही असं म्हणून पुष्कळ कोहेन खुशाल आत जातात. मखलूफ त्यातला नव्हता. त्याच्या बापानं मोरोक्कोच्या डोंगरात हे पाळलं होतं, म्हणून तोही पाळायचा.

गुहेच्या तोंडाशी तुतीचं झाड आहे आणि त्याखाली चारदोन जुन्या कबरी. कबरीवर आलेली फांदीसुद्धा छतच धरतात. म्हणून मखलूफनं फांद्यांच्या टोकांबाहेर जमिनीवर चुन्याची रेघ मारून घेतली होती. तुती दरवर्षी पसरायची आणि हा दरवर्षी रेघ पुसून वीतभर मागे मारायचा. मी तिथंच दाराशी मेणबत्त्या विकते. एकदा म्हटलं, "असाच मागे मागे जात राहिलास, तर म्हातारपणी तिबेरियाच्या तळ्यात उभा दिसशील." तो म्हणाला, "तिथं निदान गार तरी वाटेल, यकूत." चांगला माणूस. माझं सामान कधी मला उचलू दिलं नाही.

आत जायची ती त्याची बायको, फ्रेहा. पहिली वीस वर्षं ती बाबांकडे मूल मागत होती. पुढे मागणं संपलं, येणं राहिलं. बाबांच्या दगडाला कपाळ टेकून बसायची, आणि बाहेर येताना गुहेच्या तोंडातूनच हाक मारायची, "मखलूफ, आहेस का?" तो रेघेवरून म्हणायचा, "आहे." जाणार कुठं होता बिचारा. पण ती रोज विचारायची आणि तो रोज सांगायचा.

गेल्या वसंतात बाबांच्या जत्रेच्या दिवशी फार गरम होत होतं. दुपारची वेळ गुहेत बायकांची असते. पुरुष सगळे वर मांडवात, मेंढ्या कापून झाल्या होत्या, गाणी चालू होती. मी मेणबत्त्यांचं खोकं घेऊन आत गेले, तेव्हा फ्रेहा दगडाला टेकून होती ती घसरत खाली आली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ निळे पडले होते. बायका रडायला लागल्या, उचलायचं कुणाला सुचेना. त्या धिप्पाड बाईला उचलू शकेल असा जवळ एकटा मखलूफ होता, आणि दवाखान्याला नेणारी व्हॅनही त्याचीच. मी ओरडले, "मखलूफ, लवकर ये, हिचा श्वास चालू आहे."

"आलो, आलो," तो म्हणाला. धावला. रेघेपर्यंत आला आणि थांबला. मला गुहेतून त्याचे बूट दिसत होते, चुन्याच्या कडेला जुळवून ठेवल्यासारखे. तिथून त्यानं विचारलं, "नक्की जिवंत आहे ना, यकूत?"

मला इतका राग आला की मी उत्तरच दिलं नाही. जीव वाचवायचा असेल तर कुठलाच नियम आड येत नाही, नुसती शंका असली तरी येत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मखलूफलाही ठाऊक होतं. पण तीस वर्षं जे पाय तिथं थांबले होते ते त्या दिवशीही थांबले. एक स्तोत्र म्हणून होईल एवढा वेळ गेला. मग मांडवातून माणसं पळत आली, त्यांनी तिला उचललं. मागे तिच्याजवळ मी एकटीच होते; व्हॅन वळणाला लागायच्या आत ती गेली.

दफनाला मात्र तो कबरीच्या अगदी काठापर्यंत गेला. स्वतःच्या बायकोला मूठमाती द्यायला, तेवढ्यापुरती, कोहेनला मुभा असते. मेल्यावर जाता आलं त्याला. हे मी तेव्हा मोठ्यानं बोलले नाही एवढंच, बाकी मनात काय काय बोलले ते बाबांनाच माहीत.

सात दिवसांचं दुःख पाळून तो पहिल्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, सिनेगॉगमध्ये आला. आमच्याकडे कोहेन डोक्यावरून शाल घेऊन, हात उचलून सगळ्यांना आशीर्वाद देतात. मखलूफचा आवाज त्यात सगळ्यांत खणखणीत. त्या दिवशी आशीर्वादाआधी हातावर पाणी घ्यायची वेळ आली आणि तो उठून बाहेर गेला. पुढच्या शब्बाथलाही तेच. ज्याच्या हातून माणूस मेलं त्या कोहेननं आशीर्वादाला हात उचलायचे नसतात, म्हणे. आमच्या सिनेगॉगच्या रब्बी हानानियांनी त्याला घरी जाऊन समजावलं, की तू कुणाला मारलेलं नाहीस, हृदय बंद पडलं तिचं. त्यानं रब्बींना पुदिन्याचा चहा पाजला, मान हलवली आणि पुढच्या शब्बाथला पुन्हा बाहेर गेला.

तो जिन्यावर एकटा उभा राहायचा आणि आत उरलेल्या दोघा कोहेनांच्या किरट्या आवाजांत आशीर्वाद चालायचा. माझा राग कधी गेला मला कळलंही नाही. वाईट वाटायला लागलं. म्हणून एक दिवस मी त्याला सांगितलं, की फ्रेहा माझ्या मांडीवर डोकं ठेवताच गेली होती. तू आला असतास तरी काही झालं नसतं. खोटं होतं ते.

कोहेनच्या घरातलं माणूस आम्ही दफनभूमीच्या कडेला पुरतो, म्हणजे घरच्यांना बाहेरून तरी बघता येतं. फ्रेहाही तशी कुंपणाजवळच आहे. मखलूफ दर शुक्रवारी सकाळी चार हात लांब, रस्त्यावर उभा राहतो. कबरीवर ठेवायचा खडा त्याच्या खिशात असतो, तो माझ्या हातात देतो आणि मी आत जाऊन ठेवते. गेल्या शुक्रवारी त्यानं खडा काढला पण दिला नाही.

"ती लगेच गेली होती, तर 'श्वास चालू आहे' असं तू का ओरडलीस?"

इतके महिने तो हेच चघळत होता तर. मी पुष्कळ थापा मारल्यात आयुष्यात, गिऱ्हाइकांना तर रोज मारते, पण त्या वेळी एकही सुचली नाही. मग मी खरं ते सांगितलं. ती जिवंत होती. शुद्धीतही होती. मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "त्याला नको बोलावूस." तरी मी ओरडले.

मला वाटलं, हे ऐकून त्याला बरं वाटेल. बायकोनंच नको म्हटलं, म्हणजे ओझं उतरलं. मूर्ख मी.

मखलूफ कबरीकडे वळला. मग म्हणाला, "तिला ठाऊक होतं, मी येणार नाही ते."

त्यानं कुंपणाच्या गुडघाभर भिंतीवर हात टेकला. मी म्हटलं, "अरे, काय करतोस? आत पाय टाकलास तर मग तुला आशीर्वादाला खरंच हात उचलता यायचे नाहीत." त्यानं ऐकलं की नाही, देव जाणे. एक पाय टाकला, मग दुसरा. पासष्ट वर्षांचा माणूस, तोल जाऊन शेजारच्या कबरीला धरावं लागलं. तरी तो गेला, वाकला आणि खडा आपल्या हातानं दगडावर ठेवला.

"आलो गं," म्हणाला.